देसाईगंजची गर्दी आणि पडद्यासमोरचा प्रेक्षक

१/ २६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. रेल्वेच्या वेळापत्रकात त्याचे नाव वडसा. साडेदहाच्या सुमारास तेथील पोलीस ठाण्याबाहेर काही माणसे थांबली होती. आत एक अल्पवयीन आदिवासी मजूर मुलगी होती. ठाण्यातील दिवा मालवला गेला, दार बंद झाले, आणि बाहेरच्या माणसांना संशय आला. त्यांनी जागा सोडली नाही.

२/ मुलगी बाहेर आली आणि आत काय घडले ते तिने सांगितले. जमाव खवळला. संबंधित शिपायाला चोपण्याची आणि ठाणे पेटवून देण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा घरी गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला बोलावून आणावे लागले. त्याने जमावाची समजूत काढली आणि मग तिची फिर्याद लिहून घेतली. हा सारा तपशील न्यायालयीन निकालपत्रातच नोंदलेला आहे. भारतातील बलात्कारविषयक कायदा पुढे ज्या खटल्यामुळे बदलला, त्याच्या पहिल्या कागदामागे अशी एक अनामिक गर्दी उभी होती.

३/ सामाजिक प्रश्नांवरील चित्रपट आणि नाटके पाहणारा साधा प्रेक्षक इतिहासात कुठे सापडतो, हा या धाग्याचा विषय आहे. साधा प्रेक्षक म्हणजे परीक्षण न लिहिणारा, महोत्सवांना न जाणारा, करमणुकीसाठी चार पैसे मोडणारा माणूस. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत त्याचा शोध घेतला, तर वाट पुन्हापुन्हा देसाईगंज-वडशावरूनच जाते.

४/ आधी खटल्याची हकिकत. १९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरवून त्यांना शिक्षा सुनावली. भीतीपोटी शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, ही त्यामागची भूमिका होती. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष मुक्तता केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, सबब संमती होती, असा त्या निकालाचा आशय होता.

५/ सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. गरीब, अल्पवयीन, रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अडकलेल्या मुलीकडून न्यायालय कोणत्या प्रतिकाराची अपेक्षा करते, असा त्यांचा सवाल होता. ८ मार्च १९८० रोजी देशातील अनेक शहरांत स्त्रियांनी मोर्चे काढले. मुंबईत त्याच सुमारास बलात्कारविरोधी मंच उभा राहिला.

६/ १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र आणि अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे पीडितेने सांगितले, तर अशा खटल्यात न्यायालयाने तेच गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा कायद्यात आली. सुनावणी बंद दाराआड घेण्याचे ठरले. पीडितेची ओळख उघड करण्यास बंदी आली. तोवर या मुलीचे नाव मात्र खटल्याला कायमचे चिकटले होते. आजही विधी महाविद्यालयांत ते नाव पाठ असते, पण गावाचे नाव विचारले तर बहुतेकांना आठवत नाही. या धाग्यात ते नाव मुद्दामच टाळले आहे.

७/ मोर्चे निघत होते त्याच वर्षी, १९८० मध्ये, दोन हिंदी चित्रपट आले. पहिला बी. आर. चोप्रा यांचा ‘इन्साफ का तराजू’, दुसरा गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’. दोन्हींत बलात्कार आहे, दोन्हींत न्यायालय आहे, दोन्हींत न्यायालय अपुरे पडते. प्रेक्षकाला ते ज्या जागी नेऊन बसवतात, ती जागा मात्र अगदी निराळी आहे.

८/ ‘इन्साफ का तराजू’ हा ‘लिपस्टिक’ या १९७६ च्या अमेरिकी चित्रपटावर बेतलेला होता. त्यातील पीडिता शहरी मॉडेल आहे. झीनत अमान यांनी ती भूमिका केली. संमतीचा मुद्दा पुढे करून आरोपी सुटतो, मग तो तिच्या धाकट्या बहिणीवरही अत्याचार करतो, आणि शेवटी नायिका स्वतः बंदूक उचलते. चित्रपट खूप चालला. अत्याचाराची दृश्ये ज्या तपशिलाने चित्रित केली आहेत, ती डोळ्यांची भूक भागवणारी आहेत, असा आक्षेप स्त्री-चळवळीतून घेतला गेला. एकाच दृश्याने एखाद्याला संताप यावा आणि शेजारच्या खुर्चीतील दुसऱ्याला चाळवावे, ही शक्यता सामाजिक चित्रपटाच्या पोटातच असते.

९/ ‘आक्रोश’ची पटकथा विजय तेंडुलकरांची. लहान्या भिकू हा आदिवासी मजूर पत्नीच्या खुनाचा आरोपी आहे. प्रत्यक्षात गावच्या प्रतिष्ठितांनी तिच्यावर अत्याचार करून तिला मारलेले असते. लहान्या जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर एक शब्दही बोलत नाही. ओम पुरी यांनी ते मौन केवळ डोळ्यांनी पेलले. त्याचा वकील शहरी आणि सुशिक्षित आहे. प्रेक्षक त्या वकिलाच्या नजरेतून पाहतो, प्रश्न विचारतो, आणि वकिलाप्रमाणेच उत्तराविना राहतो. शेवटी लहान्याच्या तोंडून फुटते ती केवळ किंकाळी.

१०/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला सतावणारा प्रश्न. हे चित्रपट पाहून सामान्य माणसाला काय वाटले, हे कळायचे कसे? दिग्दर्शकाच्या मुलाखती मिळतात, परीक्षणे मिळतात, पुरस्कारांच्या याद्या मिळतात. तिकीट काढून आलेल्या माणसाने घरी जाताना शेजाऱ्याला काय सांगितले, याचे दप्तर कुणी ठेवलेले नाही. उरतात त्या जाहिराती, खेळ किती आठवडे चालला याचे आकडे, करमणूक कराच्या नोंदी आणि माणसांच्या आठवणी.

११/ ‘सामाजिक’ हा शब्दच आधी जाहिरातीतून रुळला. मूकपटांच्या काळात पौराणिक, ऐतिहासिक आणि सामाजिक असे चित्रपटांचे ठोकळ वर्ग पडले. १९२५ मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आला. ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ येथून मोजण्याची प्रथा आहे. देव आणि राजे पाहायला येणाऱ्या प्रेक्षकापुढे प्रथमच त्याच्यासारखाच एक कर्जबाजारी माणूस उभा राहिला.

१२/ १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारने टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. तिच्या साक्षीपुराव्यांचे खंड आजही वाचनीय आहेत. साक्षीदारांत अधिकारी, चित्रगृहांचे मालक, वकील, शिक्षक, मिशनरी दिसतात. समितीच्या प्रश्नावलीला गांधीजींनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: आपण कधी सिनेमाला गेलो नाही, आणि न जाताही त्याने होणारे अहित उघड दिसते, असे त्यांनी कळवले. त्या खंडांत चार आण्यांच्या प्रेक्षकाबद्दल पुष्कळ जण बोलतात. तो स्वतः क्वचितच बोलतो.

१३/ म्हणून कलाकृतीच्या आतूनही पुरावा शोधावा लागतो. ‘कुंकू’ (१९३७) घ्या. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील हा प्रभातचा चित्रपट. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला पती मानण्यास नकार देते. शांता आपटे यांची नीरा ही त्या काळी धक्कादायक बाई होती. शेवटी मात्र पश्चात्तापदग्ध काकासाहेब स्वतःला संपवतात. नीरेच्या बंडाला टाळी वाजवणाऱ्या प्रेक्षकाला त्या बंडाचा पुढचा हिशेब मांडावाच लागत नाही. कथेने तो परस्पर चुकता केलेला असतो.

१४/ याच विषयावर त्याआधी ३८ वर्षे, १८९९ मध्ये, गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले होते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, तो या नाटकामुळे नव्हे. विधेयक मांडणारे हरबिलास सारडा यांच्या नावामुळे. तरीही मराठी माणसाने कायदा आणि नाटक यांची गाठ मनातल्या मनात मारून टाकली. ही चूक इतिहासाच्या दृष्टीने बोलकी आहे. नाटक पाहिलेल्या समाजाला कायदा आपल्याच नाटकातून आला असे वाटणे, हा प्रेक्षकाच्या प्रतिसादाचाच एक पुरावा आहे.

१५/ चित्रपटांचा हा प्रवाह झाडीपट्टीपर्यंत कसा पोहोचला? तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. कोल्हापूर, पुणे, मुंबई ही मराठी चित्रपटाची केंद्रे फार दूर. चित्रपट वितरणाच्या धंद्यात विदर्भाचा भाग अजूनही ‘सी.पी.-बेरार’ या विभागात मोडतो. तो प्रांत नकाशावरून केव्हाच पुसला गेला, १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी धंद्याची वही बदललेली नाही. चंद्रपूर शहरात चित्रगृहे झाली. वैनगंगेपलीकडच्या जंगलात ती तुरळकच राहिली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग आजही वनाच्छादित आहे.

१६/ पडदा नव्हता म्हणून सामाजिक कथा नव्हती, असे मात्र नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दंडार, खडी गंमत अशा लोककलांच्या मुशीतून तेथे नाटकाची स्वतंत्र परंपरा घडली. दिवाळीनंतर, भाऊबीजेच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपास मावळतो. धान कापून झालेले असते, हाती थोडा पैसा असतो, गावोगाव मंडई आणि शंकरपट भरतात. पटाच्या रात्री नाटक ठरलेले.

१७/ या रंगभूमीची राजधानी म्हणजे वडसा, अर्थात तेच देसाईगंज. रेल्वेमुळे नागपूर-गोंदियाकडून कलावंतांना येणे सोपे, आणि चारही जिल्ह्यांच्या गावांना ते हाताशी. म्हणून नाट्यकंपन्यांची कार्यालये येथे एकवटली. हंगामापूर्वी गावोगावची मंडळे येथे येऊन नाटक ‘ठरवतात’: कोणते नाटक, कोणती तारीख, किती रक्कम. पूर्वी गावातील हौशी पुरुषच स्त्रीभूमिका करीत. पुढे व्यावसायिक कंपन्या आल्या आणि स्त्री-कलावंतही आल्या.

१८/ नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. कडाक्याच्या थंडीत माणसे घोंगडी, सतरंज्या घेऊन बसतात. लेकी-जावई, सोयरे-धायरे मुक्कामाला आलेले असतात. याच दिवसांत नव्या सोयरिकीही जुळतात. रंगमंचावर काय दिसते? दारूत बुडालेला बाप, हुंड्यापायी छळलेली सून, सावकाराने गिळलेले शेत, जातीने तोडलेले प्रेम, नक्षली आणि पोलीस यांच्या कात्रीत सापडलेले गाव. मधूनमधून विनोद, गाणी, नृत्य. शहरी समीक्षक याला भडक म्हणतात.

१९/ भडकपणाचा आरोप खरा मानला, तरी बसण्याची रीत पाहावी. चित्रगृहात अंधार असतो, प्रत्येक जण एकटा असतो आणि दिवे लागण्यापूर्वी डोळे पुसून घेता येतात. झाडीपट्टीच्या मंडपात सासू आणि सून एकाच सतरंजीवर बसून सुनेच्या छळाचे नाटक पाहतात. दारुडा नवरा आणि त्याची बायको एकाच मंडपात असतात. खलनायकाला शिव्या पडतात, गाण्याला वन्समोअर मिळतो, आणि उजाडल्यावर चर्चा त्याच गावाच्या चावडीवर, विहिरीवर सुरू होते. प्रश्न चारचौघांत पाहिला गेलेला असतो. ‘आपल्याला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय कुणालाच उरत नाही.

२०/ मग नाटक पाहून दारू सुटते का? मराठीत हा प्रश्न १९१९ पासून विचारला जातो आहे. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले त्याच्या काही आठवडे आधी, २३ जानेवारी १९१९ रोजी, राम गणेश गडकरी नागपूरजवळच्या सावनेर येथे वारले. सिंधूसाठी प्रेक्षक रडला; पण तळीरामाच्या मद्यपी मंडळाला तो तितक्याच मोकळेपणाने हसला. दारूचे दुष्परिणाम दाखवणाऱ्या नाटकात दारुड्यांचा प्रवेशच लाडका ठरावा, हे लेखकाच्या हातचे नव्हते. प्रेक्षक आपल्याला हवे ते उचलतो.

२१/ गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आली ती १९९३ मध्ये, गावोगावच्या लोकआंदोलनातून, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा त्यात मोठा वाटा होता. चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रियांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला पायी मोर्चा नेला. तेथे १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठवण्यात आली. हे श्रेय नाटकांना देता येणार नाही. मात्र नवऱ्याच्या दारूबद्दल चारचौघांत बोलणे ही ज्या गावांत लाजेची गोष्ट होती, तेथे हंगामागून हंगाम रंगमंचावरून ते बोलले जात होते, एवढे नोंदवायला हरकत नाही.

२२/ शहरी आणि ग्रामीण प्रतिसादांतील अंतराचा आणखी एक दाखला १९९१ चा. विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ हा ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटाचा अवतार. अलका कुबल यांच्या सोशिक सुनेवर मराठी मुलखातील बायका ढसाढसा रडल्या, आणि जाणकारांनी त्या रडण्याची थट्टा केली. त्याआधी ९ वर्षे ‘उंबरठा’ येऊन गेला होता: जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, स्मिता पाटील यांची घर सोडणारी सुलभा. जाणकारांच्या यादीत ‘उंबरठा’ वर असतो, आणि तो असायलाही हवा.

२३/ तरीही एक विचार करावा. विवाहित स्त्रीच्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम १९८३ मध्येच आले होते. कायदा पुस्तकात होता. पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याची सोय, पैसा आणि धीर किती जणींकडे होता? ज्या बाईला घराबाहेर पडता येत नाही, तिला सुलभेचे जाणे दूरचे वाटू शकते आणि सोशिक सुनेचे दुःख जवळचे. सर्व जणी मिळून उघडपणे रडणे, हेच कदाचित तिला परवडणारे एकमेव विधान असेल. त्या रडण्याची टवाळी करणाऱ्या इतिहासाने एक साक्ष गमावली.

२४/ अखेर कॅमेरा जंगलातही आला. १० ऑक्टोबर २०१४ रोजी समृद्धी पोरे दिग्दर्शित ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रियल हिरो’ प्रदर्शित झाला, नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी प्रमुख भूमिकांत. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची ही कथा. हेमलकसा कुठे आहे हे अनेक प्रेक्षकांना या चित्रपटानेच सांगितले. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार २००८ मध्येच मिळाला होता. पण पुरस्काराची बातमी वाचणारे आणि चित्रपट पाहणारे हे दोन वेगळे समुदाय असतात.

२५/ या चित्रपटाच्या प्रेक्षकाला काय वाटते? बहुधा आदर, अपराधभाव आणि ‘अशी माणसे आहेत म्हणून’ असा दिलासा. भावना खऱ्या असतात. परंतु चित्रपट मराठी बोलतो, आणि ज्यांच्यात तो घडतो ते माडिया गोंड माडिया बोलतात. आमटे दांपत्याला ती भाषा आधी शिकावी लागली होती. प्रेक्षकाला ती शिकावी लागत नाही. मांडणी डॉक्टरांच्या आयुष्याची असल्यामुळे माडिया माणूस रुग्ण म्हणून दिसतो, विद्यार्थी म्हणून दिसतो. प्रेक्षक म्हणून त्याची कल्पना कुणी सहसा करत नाही.

२६/ २०१७ चा ‘न्यूटन’ या उणिवेला थोडा भिडला. अमित मसुरकरांची ही कथा दंडकारण्याच्या छत्तीसगडी भागात, ७६ मतदारांच्या एका मतदान केंद्रावर घडते. राजकुमार राव यांचा कर्तव्यदक्ष अधिकारी शहरी प्रेक्षकाचाच प्रतिनिधी आहे. अंजली पाटील यांची मलको ही स्थानिक शिक्षिका त्याला शांतपणे दाखवून देते की, काही तासांच्या अंतरावर राहूनही या जंगलाबद्दल त्याला काहीच ठाऊक नाही. हसत हसत प्रेक्षकही त्या अज्ञानात सामील होतो.

२७/ त्याहून थेट घाव घातला तो नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३). शेवटच्या दृश्यात जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ कॅमेऱ्याच्या रोखाने येतो. क्षणभरापूर्वीपर्यंत डुकराच्या पाठलागावर हसणारे गावकरी पडद्यावर होते. त्या दृश्यात काही प्रेक्षकही हसलेले असतात. दगड कुणाला लागला हे प्रत्येकाने आपापले ठरवायचे. ‘कुंकू’ने प्रेक्षकाचा हिशेब परस्पर मिटवला होता, येथे तो उघडाच राहतो.

२८/ झाडीपट्टीचा प्रेक्षकही या काळात स्थिर राहिला नाही. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली आणि शंकरपट थांबले; डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळेपर्यंत पटाच्या आधारावर ठरणाऱ्या नाटकांचे गणित बदललेले होते. दरम्यान टाळेबंदी येऊन गेली. २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांनी या रंगभूमीवर ‘झॉलीवूड’ हा चित्रपट काढला. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. कलावंताची दखल घेतली गेली, हे चांगले झाले. मंडपात बसणाऱ्यांची नोंद अजून व्हायची आहे.

२९/ देसाईगंजच्या १९७२ च्या गर्दीत कोण होते, हे आज सांगता येत नाही. मंडई आणि नाटकांच्या मुलखातील ती साधी माणसे होती, आणि त्यांच्यासमोर पडदा नव्हता. नाटके पाहिल्यामुळे ती थांबली, असा दावा कोणताही पुरावा करू देत नाही. एवढेच म्हणता येते की, समोर घडणाऱ्या अन्यायाला प्रतिसाद देण्याची रीत समाज कुठेतरी शिकत असतो. आणि जेथे दुःख सर्वांनी मिळून, एकमेकांच्या देखत पाहिले जाते, त्या जागांचा इतिहास या शिक्षणाच्या इतिहासात धरायला हवा.

३०/ हे काम मोठ्या ग्रंथालयांतून फारसे होणार नाही. त्याची साधने घराघरांत आहेत: वडशाच्या कंपन्यांची जुनी हस्तपत्रके, मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या, बंद पडलेल्या चित्रगृहांची तिकिटे, आणि मुख्य म्हणजे आजीची आठवण. तिने पाहिलेला पहिला सिनेमा किंवा नाटक कोणते, सोबत कोण होते, कोणत्या प्रसंगी ती रडली, घरी आल्यावर त्यावर बोलता आले का? उत्तर तारीख, गाव आणि तिच्याच शब्दांसह लिहून ठेवावे. ज्यांनी मंडपात रात्री जागवल्या, त्या पिढीकडे विचारायला फार वर्षे उरलेली नाहीत.

(धागा समाप्त)